दर गुरुवारी बुडणारं जहाज

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, नॉर्थ कॅरोलायना राज्यात, आउटर बँक्स नावाची वाळूच्या बेटांची लांबलचक, अरुंद पट्टी आहे. एका बाजूला अटलांटिक, दुसऱ्या बाजूला खाडी आणि मधोमध एकच रस्ता. या पट्टीवरच्या रोडँथी गावात उन्हाळ्यातल्या गुरुवारी एक जहाज बुडतं.

जहाज म्हणजे खरं तर जमिनीत रोवलेला एक उंच लाकडी खांब. तो डोलकाठीच्या जागी आहे असं समजायचं. समोर चिकामाकोमिको लाइफ-सेव्हिंग स्टेशनचं आवार. जुन्या गणवेशातलं पथक दोरांनी भरलेली दोन चाकी गाडी ओढत आणतं, छोटी पितळी तोफ रोखतं आणि खांबाच्या दिशेनं दोर उडवतं. थोड्या वेळानं एक माणूस त्या दोरावरून, चड्डी शिवलेल्या रबरी कड्यात पाय घालून, घसरत जमिनीवर येतो. लोक टाळ्या वाजवतात. बच्चेकंपनी तोफेभोवती गोळा होते.

आपण नाटकांबद्दल, सिनेमांबद्दल, वेब सिरीजबद्दल तावातावानं लिहितो. संग्रहालयातल्या अशा प्रात्यक्षिकाकडे मात्र 'बघितलं, छान होतं, फोटो काढले' यापलीकडे कोणी बघत नाही. पण तोही प्रयोगच असतो. त्यालाही संहिता असते, पात्रं असतात, काय दाखवायचं आणि काय गाळायचं याची निवड असते. म्हणून मी इथे त्या प्रयोगाची समीक्षा करणार आहे. आणखी एक कारण आहे. माझं काम सॉफ्टवेअरचं. दर काही आठवड्यांनी ऑन-कॉल ड्यूटी असते, आणि वर्षातून दोन-तीनदा आम्ही 'सर्व्हर बुडाला' असं समजून सराव करतो. त्यामुळे रॅली-डरहॅमकडून चारेक तास गाडी चालवून तिथं पोचलो तेव्हा समोरचा खेळ मला ओळखीचा वाटला आणि त्यातलं काय निसटतंय तेही दिसायला लागलं.

पाच मिनिटांचा नियम

आधी पार्श्वभूमी. आउटर बँक्सच्या समोरचा समुद्र बदनाम आहे. सरकणारे वाळूचे उथळे, दोन प्रवाहांची गाठ, हिवाळी वादळं. एकोणिसाव्या शतकात शिडाची जहाजं किनाऱ्यापासून काहीशे मीटरवर रुतून बसायची आणि लाटांनी फुटायची. किनाऱ्यावरच्या लोकांना माणसं दिसायची, ओरडणं ऐकू यायचं, पण मधला फेसाळ पट्टा पार करता यायचा नाही. अमेरिकी संसदेनं १८४८ साली न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर बचावसाहित्य ठेवायला पहिल्यांदा पैसे दिले. पुढे १८७१ पासून समनर किंबॉल या अधिकाऱ्यानं या विस्कळीत कारभाराला शिस्त लावली. १८७४ मध्ये नॉर्थ कॅरोलायनात पहिली सात स्टेशनं उभी राहिली. चिकामाकोमिको त्यातलंच एक. मूळ १८७४ ची इमारत आणि १९११ ची मोठी इमारत, दोन्ही आजही तिथं उभ्या आहेत.

प्रत्येक स्टेशनवर एक प्रमुख, म्हणजे 'कीपर', आणि सहा-सात 'सर्फमन'. प्रत्येक सर्फमनला क्रमांक, आणि प्रत्येक क्रमांकाला ठरलेलं काम. आठवड्याचं वेळापत्रकही ठरलेलं. मंगळवारी होडी, बुधवारी खुणांची निशाणं, गुरुवारी तोफ आणि दोर, शुक्रवारी बुडालेल्या माणसाला शुद्धीवर आणण्याचा सराव, शनिवारी साफसफाई. संग्रहालयाचा कार्यक्रम गुरुवारी असतो तो असा, जुन्या वेळापत्रकाशी जुळणारा.

नियमपुस्तकात सरावाची मोजणीही होती. हंगाम सुरू होऊन महिना झाल्यावर पथकाला गाडी आणून, तोफ डागून, दोर ताणून, खांबावरचा माणूस पाच मिनिटांत उतरवता आला पाहिजे. नाही आला, तर पथकानं सरावात कुचराई केली असं धरलं जाई.

पाच मिनिटं! यातली प्रत्येक पायरी बघताना मला सगळ्यात जास्त मजा आली ती एका लाकडी खोक्यात. त्याला फेकिंग बॉक्स म्हणतात. तोफेतून सुटणाऱ्या लोखंडी गोळ्याला, जो जवळपास अठरा पौंडांचा असतो, बारीक दोर बांधलेला असतो. शेकडो मीटर दोर क्षणात उलगडायचा म्हटलं तर गुंता होणारच. म्हणून तो दोर आधीच खोक्यातल्या खुंट्यांभोवती नागमोडी रचून ठेवायचा, ऐनवेळी खुंट्या काढून घ्यायच्या, आणि दोर न अडकता सरसर सुटतो. संकटाच्या क्षणी लागणारं डोकं निवांत दुपारी वापरून ठेवण्याची ही युक्ती आहे. इयरफोनची वायर खिशातून काढताना ज्यांनी शिव्या दिल्या असतील, त्यांना या खोक्याचं मोल लगेच कळेल.

दुसरी वस्तू म्हणजे टॅली बोर्ड. गोळ्यामागून गेलेला बारीक दोर जहाजावरच्या लोकांनी ओढला की त्यामागून कप्पी आणि जाड दोर येतो. पण भेदरलेल्या, भिजलेल्या, कदाचित हा प्रकार आयुष्यात न पाहिलेल्या खलाशांना त्याचं काय करायचं हे कसं कळणार? म्हणून दोराबरोबर एक फळी जायची. कप्पी डोलकाठीला उंचावर बांधा, डोलकाठी गेली असेल तर सापडेल त्या भक्कम जागी बांधा, झालं की किनाऱ्याकडे खूण करा, अशा सूचना त्यावर. एका बाजूला इंग्रजी, उलट बाजूला फ्रेंच. मी आजवर जेवढी युजर मॅन्युअल वाचली आणि लिहिली आहेत, त्यात एवढी नेमकी क्वचितच पाहिली. डोलकाठी मोडलेली असू शकते हे लिहिणाऱ्यानं गृहीत धरलंय. वाचणाऱ्याची भाषा वेगळी असू शकते हेही.

प्रात्यक्षिकाचं खरं यश इथं आहे. आपण किल्ल्यांवर जातो तेव्हा लढाई ऐकायला मिळते. पहारा कोण कधी बदलायचा, दारूगोळा पावसाळ्यात कोरडा कसा ठेवायचे, पाणी कोण भरायचं, हे सांगणारा गाइड भेटला तर नशीब. चिकामाकोमिकोला मात्र पराक्रमाच्या आधीचं काम डोळ्यांसमोर होतं. दोर जड आहे हे खेचणाऱ्यांच्या पाठीवरून दिसतं. वाळूत नांगर पुरायला खड्डा खणावा लागतो, त्याला वेळ लागतो, घाम लागतो. कुठलीही काचेची पेटी आणि कुठलाही माहितीफलक हे सांगू शकत नाही. या बाबतीत मी पाहिलेल्या संग्रहालयांत याला वरचा नंबर देईन.

जिथं तोफ चालली नाही

आता तक्रार. ती त्या माणसांबद्दल नाही, प्रयोगाच्या रचनेबद्दल आहे.

या किनाऱ्यावरच्या ज्या दोन सुटका सगळ्यात जास्त सांगितल्या जातात, त्या दोन्हींमध्ये गुरुवारी दाखवतात ती पद्धत वापरलेलीच नाही.

पहिली चिकामाकोमिकोची स्वतःची. १६ ऑगस्ट १९१८. पहिलं महायुद्ध चालू होतं. पेट्रोल घेऊन जाणारं 'मर्लो' हे ब्रिटिश जहाज किनाऱ्यापासून काही मैलांवर स्फोटात सापडलं. हे काम जर्मन पाणबुडीचं. समुद्रावर तेल पसरून पेटलं. कीपर जॉन ॲलन मिजेट आणि त्यांचे पाच साथीदार मोटर लावलेली होडी लाटांत घालून त्या आगीपर्यंत गेले आणि त्यांनी ४२ जणांना परत आणलं. सहा बचावकर्त्यांपैकी पाच जणांचं आडनाव मिजेट होतं, यावरून हे स्टेशन गावाच्या किती आत रुजलं होतं ते कळतं. त्यांची ती १०४६ क्रमांकाची होडी आजही स्टेशनात बघायला मिळते. पण जहाज एवढं दूर असताना तोफेचा काहीच उपयोग नव्हता.

दुसरी सुटका रोडँथीच्या उत्तरेला असलेल्या पी आयलंड स्टेशनची. तिथले कीपर रिचर्ड एथरिज. जन्म १८४२ चा, गुलामीतला. यादवी युद्धात ते उत्तरेच्या सैन्यातून लढले आणि १८८० मध्ये या सेवेत कीपर होणारे पहिले कृष्णवर्णीय ठरले. त्यांच्या हाताखाली गोरे सर्फमन राहिले नाहीत, आणि पी आयलंडचं सगळं पथक कृष्णवर्णीयांचं झालं. काही महिन्यांतच स्टेशनची इमारत जळाली. आग लावल्याचा संशय होता, शिक्षा कोणालाच झाली नाही. एथरिजनी नव्या इमारतीत पथकाकडून इतका कसून सराव करून घेतला की ते किनाऱ्यावरचं नावाजलेलं पथक झालं.

११ ऑक्टोबर १८९६ च्या रात्री वादळात 'ई. एस. न्यूमन' हे जहाज किनाऱ्याला लागलं. जहाजावर कप्तानाची बायको आणि त्यांचं लहान मूलही होतं. एथरिजचं पथक गाडी ओढत पोचलं. पण किनारा पाण्याखाली गेला होता. वाळूचा नांगर पुरायला कोरडी वाळूच नव्हती. नांगर नाही तर दोर ताणता येत नाही, दोर ताणता येत नाही तर तोफ आणि ते कडं दोन्ही निकामी. तेव्हा एथरिजनी दोन सर्फमन एकमेकांना दोरानं बांधले, त्या दोराचं टोक किनाऱ्यावरच्यांच्या हातात दिलं, आणि त्यांना पोहत जहाजापर्यंत पाठवलं. एक जोडी दमली की दुसरी. अशा खेपा करत त्यांनी नऊच्या नऊ माणसं आणली.

माझ्या धंद्यात 'हॅपी पाथ' म्हणून एक शब्दप्रयोग आहे. सगळं ठरल्यासारखं झालं तर प्रोग्रॅम जो रस्ता घेईल तो. डेमो नेहमी हॅपी पाथचाच असतो. गुरुवारचं प्रात्यक्षिक म्हणजे एकोणिसाव्या शतकातला असा उत्तम डेमो आहे. ऊन असतं, वाळू कोरडी असते, खांब हलत नाही, खांबावरच्या माणसाचे हात थंडीनं बधिर झालेले नसतात, दोर पहिल्या फटक्यात पोचतो. हे बघून घरी जाणाऱ्याला वाटतं की तोफ होती, म्हणून माणसं वाचली.

जुनं नियमपुस्तक मात्र असं भोळं नव्हतं. त्यात कीपरला सांगितलं होतं की होडी, दोरावरचं कडं किंवा बंदिस्त लाइफ-कार यांपैकी परिस्थितीला योग्य वाटेल ते साधन आधी निवड. ते फसलं तर दुसरं घे. तेही फसलं तर उरलेलं. आणि सुटका अशक्य आहे हे प्रत्यक्ष प्रयत्नानं सिद्ध झाल्याशिवाय थांबू नकोस. म्हणजे अपयश नियमातच लिहिलेलं होतं. या सेवेबद्दल बोलताना 'जायलाच हवं, परत यायलाच हवं असं नाही' या अर्थाचं एक वाक्य हमखास ऐकू येतं. ते वाक्य अंगावर काटा आणतं खरं. पण नियम त्याहून शहाणा आहे. तो मरायला सांगत नाही, दुसरा उपाय करून बघायला सांगतो.

पी आयलंडच्या पथकाला जे सुचलं ते नियमाच्या यादीतही नव्हतं. ते सुचायला मोकळं डोकं हवं, आणि हात-पाय आपोआप चालत असतील तरच डोकं मोकळं राहतं. सरावाचा खरा फायदा हा. नांगर बसणार नाही हे त्यांना झटकन कळलं, कारण नांगर बसतो तेव्हा हाताला कसं लागतं हे त्यांना शेकडो गुरुवारांनी शिकवलं होतं. प्रात्यक्षिकात एकदा तरी नांगर मुद्दाम सुटला पाहिजे. गोळा एकदा चुकला पाहिजे. मग निवेदकानं थांबून प्रेक्षकांना विचारावं: आता काय? मला वाटतं त्या शांततेत लोकांना जेवढं कळेल तेवढं टाळ्यांत कळत नाही.

हंगाम उलटा झाला

दुसरा मुद्दा 'उन्हाळी कार्यक्रम' या शब्दांचाच. सर्फमनची नोकरी हंगामी होती आणि तो हंगाम हिवाळ्याचा होता. उन्हाळ्यात स्टेशनवर कीपर उरायचा, बाकीचे आपापल्या मासेमारीला जायचे. आज बरोबर उलट आहे. स्टेशन प्रवाशांच्या मोसमात उघडतं आणि ऐन हिवाळ्यात बंद असतं. संग्रहालयाच्या दृष्टीनं यात काही वावगं नाही. पर्यटक उन्हाळ्यात येतात, तिकिटावरच डागडुजी चालते. पण या उलटापालटीमुळे एक जुनी, महत्त्वाची गोष्ट झाकली जाते.

२४ नोव्हेंबर १८७७ ला 'ह्यूरॉन' ही अमेरिकी नौदलाची बोट याच पट्टीवर, नॅग्ज हेडजवळ रुतली. किनारा जवळ होता, स्टेशनही होतं. ते बंद होतं, कारण हंगाम १ डिसेंबरला सुरू व्हायचा होता. ९८ माणसं गेली. दोन महिन्यांनी, ३१ जानेवारी १८७८ ला, 'मेट्रोपोलिस' हे जहाज उत्तरेकडे करिटकजवळ फुटलं. त्या वेळी स्टेशन उघडं होतं, पण मदत उशिरा पोचली, दोर तुटला, तोफेची दारू कमी पडली. ८५ जण गेले. देशभर ओरड झाली, आणि त्याच वर्षी जूनमध्ये लाइफ-सेव्हिंग सर्व्हिस ही स्वतंत्र सेवा झाली, हंगाम वाढला, शिस्त आली. लाइल नावाच्या लष्करी अधिकाऱ्याची नवी हलकी तोफही त्याच सुमारास आली. गुरुवारी जी डागतात ती हीच.

म्हणजे ज्या तोफेला आपण टाळ्या वाजवतो तिच्या मागे १८३ मृत्यू आणि एक कंजूष वेळापत्रक उभं आहे. हे मला प्रयोगात ऐकायला आवडेल. कारण त्यातून एक प्रश्न आपोआप येतो: आज आपण कुठली स्टेशनं पैसे वाचवायला आठवडाभर उशिरा उघडतोय?

आणि पैशांचं निघालंच आहे तर हेही. १८७१ ते १९१५ या काळात या सेवेनं २८ हजारांहून जास्त जहाजांना मदत केली. त्यांवर पावणेदोन लाखांवर माणसं होती, त्यांतली दीड हजारांच्या आत दगावली. हे करणाऱ्या सर्फमनना निवृत्तिवेतन नव्हतं. म्हातारा सर्फमन म्हणजे वल्हं मारायला न जमणारा, म्हणून घरी बसलेला माणूस. किंबॉल वर्षानुवर्षं त्यासाठी भांडले. १९१५ मध्ये ही सेवा आणि महसूल खात्याची जहाजसेवा एक होऊन कोस्ट गार्ड झालं, तेव्हा कुठे निवृत्तीची सोय झाली. 'मर्लो'च्या पथकाला ब्रिटिशांकडून आणि अमेरिकेकडून सुवर्णपदकं मिळाली. पी आयलंडच्या पथकाला १८९६ च्या रात्रीबद्दल सुवर्णपदक मिळालं ते १९९६ मध्ये, पुरतं शतक उलटल्यावर, काही संशोधकांनी आणि एका शाळकरी मुलीनं पाठपुरावा केल्यामुळे. एथरिज १९०० मध्येच, कीपर असतानाच, वारले होते. बिनचूक काम करणाऱ्याला शाबासकी कोण देतं, कधी देतं, याचा हिशेब पराक्रमाच्या गोष्टीत बसत नाही.

शुक्रवार कुठे गेला?

माझी तिसरी सूचना सगळ्यात सोपी आहे. गुरुवार दाखवता तसा शुक्रवारही दाखवा.

शुक्रवारचा सराव होता बुडालेल्याला शुद्धीवर आणण्याचा. पालथं घालायचं, पाणी काढायचं, छाती-पाठ ठरावीक लयीत दाबायची, अंग चोळून ऊब आणायची. त्यातल्या बऱ्याच गोष्टी आज वैद्यकानं मोडीत काढल्या आहेत. पण गंमत बघा. आज या किनाऱ्यावर शिडाचं जहाज रुतत नाही. आज बुडतो तो उन्हाळ्यात आलेला, कमरेएवढ्या पाण्यात उभा असलेला, परतीच्या प्रवाहानं आत ओढला गेलेला पर्यटक. म्हणजे प्रात्यक्षिक बघायला जमलेली गर्दी हीच आजची संभाव्य 'जहाजावरची माणसं' आहे. त्यांना तोफ डागता येऊन उपयोग नाही. प्रवाहाशी झुंजू नका, किनाऱ्याला समांतर पोहा, हे सांगितलं आणि छाती कशी दाबायची हे जुन्या पद्धतीशेजारी आजची पद्धत ठेवून दाखवलं, तर संग्रहालय त्या दुपारपुरतं पुन्हा स्टेशन होईल. हे कोकणातल्या कुठल्याही गर्दीच्या किनाऱ्यालाही लागू आहे.

हे लवकर व्हावं असं वाटण्याचं कारण समुद्रच आहे. रोडँथीत २०२० पासून दहापेक्षा जास्त घरं समुद्रात कोसळली आहेत. २०२२ मध्ये लाटांवर डुलत जाणाऱ्या घराचा व्हिडिओ तुमच्यापर्यंतही आला असेल. त्याच वर्षी इथला रस्ता सततच्या पाण्याला कंटाळून खाडीवरच्या नव्या पुलावर हलवण्यात आला. जो किनारा पाहण्यासाठी १८७४ मध्ये स्टेशन बांधलं, तो किनाराच जागा सोडतोय. अशा ठिकाणी 'ठरलेलं साधन चाललं नाही तर काय' हा प्रश्न इतिहासातला राहत नाही. गावातल्या माणसांना तो दर वादळाला पडतो.

एवढं सगळं म्हणूनही, कधी त्या बाजूला गेलात तर गुरुवार गाठा असंच मी सांगेन. दोर ओढणारी माणसं जवळून बघा, फेकिंग बॉक्सच्या खुंट्या मोजा, टॅली बोर्डची मागची बाजू वाचायला मागा. मग उत्तरेला पाऊण तासावर मँटिओ गाव आहे, तिथं पी आयलंड स्टेशनचं जुनं स्वयंपाकघर हलवून त्याचं छोटं संग्रहालय केलंय, तेही बघा. गुरुवारी चालणारी तोफ पाहिल्यावर, ती न चाललेल्या रात्रीची गोष्ट त्याच दिवशी ऐकायला हवी.